नागाची उष्टी हळद

पाय आत घ्या रे, आणि चुळबूळ बंद. हुंकार द्यायचा, नाहीतर मी नाही सांगणार.

एक होता राजा, हरिकेत. त्याची एकुलती एक लेक केतकी. एकदा काय झालं, पाऊसच पडेना. पहिल्या वर्षी विहिरी आटल्या. दुसऱ्या वर्षी गुरं गेली. तिसऱ्या वर्षी माणसं मरायला लागली, बरं का. मग राजा गेला नागाच्या डोहावर. सगळं पाणी त्या मेल्यानं पाताळात दडवलेलं. नाग म्हणाला, "लेक दे, पाणी देतो." राजानं शब्द दिला.

मग नागाकडून वाटीभर उष्टी हळद आली. नवऱ्याच्या अंगाची उरलेली हळद नवरीला लावतात, ठाऊक आहे ना? ही जिच्या अंगाला लागेल, ती नागाची बायको. पण राजा मोठा लबाड! त्यानं दासीची पोर पाटावर बसवली. रेवा तिचं नाव, केतकीच्याच वयाची. "मोठं घर मिळालंय गं तुला," म्हणाला. तिची आई कोपऱ्यात पदर तोंडात कोंबून रडत होती. ती बिचारी कुणाकडे दाद मागणार?

केतकीनं ते पाहिलं. "बाबा, शब्द माझ्या नावानं दिलात ना?" एवढंच म्हणाली, आणि वाटी उचलून सगळी हळद स्वतःच्या तोंडाला फासली. राजा किंचाळला. दुधानं धुतली, तुपानं पुसली, राखेनं घासली. हळद काही निघेना. मग काय! पोर डोहात उतरली, आणि विहिरी भरल्या.

नागपंचमीला लेकी माहेरी येतात. राजा गाडी जुंपून डोहावर गेला, हाका मारल्या. कुणी आलं नाही. दुसऱ्या वर्षी गेला, तसाच परतला. तिसऱ्या वर्षी मात्र केतकी वर आली. अंग गारठलेलं, पापणी लवत नव्हती. आई गं, नुसतं सांगतानाही काटा येतो!

"चल बाळ, घरी चल," राजा रडत म्हणाला.

"येते," केतकी म्हणाली. "पण खरं सांगा. इथं रेवा असती, तर तिला न्यायला गाडी जुंपली असतीत?"

राजा मान वळवून बैलांचे कासरे चाचपायला लागला. काय सांगणार, कपाळ!

मग केतकी मागं वळली आणि पाण्यात गेली, ती गेलीच.

रेवाला पुढं चांगलं घर मिळालं, पोरंबाळं झाली. प्रजा पोटभर पाणी प्याली, सुखात राहिली. राजा? तो दर पंचमीला डोहाकाठी जाऊन बसायचा. मरेपर्यंत बसला. डोळे पुसा, आणि झोपा आता.