कडुनिंबाचा चौक

फार जुनी नाही, शहरात धूर माजला तेव्हाची गोष्ट. चौकाच्या मधोमध कडुनिंब होता आणि कडेला सिग्नल. सिग्नलने लाल डोळा वटारला की गाड्या धूर ओकत जागीच उभ्या राहत. त्याचा त्याला भारी तोरा.

"अरे, माझी पिल्लं गुदमरताहेत!" कडुनिंबावरची साळुंकी कळवळली.

"मी नसलो तर इथे रक्त सांडेल," सिग्नल गुरकावला.

गर्दी काही हटेना. शेवटी इंजिनिअर बाई करवतवाल्याला घेऊन कडुनिंबापाशी आल्या. तेवढ्यात वीज गेली. सिग्नल हबकला. आता धडकणार! पण खळ्यातल्या बैलांसारख्या गाड्या कडुनिंबाला वळसा घालत, न थांबता, सावकाश निघून गेल्या. धूर विरला.

"झाड राहू दे. याच्याभोवती गोल कट्टा बांधू," बाई म्हणाल्या.

"मग बाई, कापू तरी काय?" करवतवाल्याने विचारलं.

बाईंनी मान वर करून सिग्नलकडे पाहिलं.