वालब्रूनच्या खिडकीतलं मडकं

फ्रान्समधल्या वालब्रून गावात विकायला काढलेलं घर ओळखायचं असेल तर पाटी शोधावी लागत नाही. रस्त्याकडच्या खिडकीत मातीचं एक मडकं ठेवलेलं असतं आणि त्याच्या तोंडावर पांढरा फडका बांधलेला असतो. गाव जुनं, दगडी. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला सरैन नावाची संथ नदी. आमच्या वाईची आठवण व्हावी असा तिला घाटही आहे. मुलगा आणि सून अनुजा तिथून तासाभराच्या अंतरावर राहतात. त्यांना घर घ्यायचं होतं, म्हणून नदीकाठच्या गल्लीतलं एक घर बघायला आम्ही गेलो, तेव्हा मी ते मडकं पहिल्यांदा पाहिलं.

घर मादाम ओर्तांस यांच्या माहेरचं. वय ब्याऐंशी. त्या आता लेकीकडे शेजारच्या गावी राहतात, पण रोज सकाळच्या बसने येतात, कुलूप उघडतात, मडक्यात मूठभर पीठ आणि थोडं पाणी घालून ढवळतात आणि दुपारच्या बसने परत जातात. घर विकलं जाईपर्यंत हा नेम चुकत नाही. मडक्यात पावाचं आंबवण असतं. आपल्याकडे जसं विरजण, तसं हे. आदल्या पिठातलं थोडं राखायचं, त्यावर पुढचा पाव फुगवायचा.

हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं. त्या ओट्यावर बसल्या, मला शेजारी बसवून घेतलं आणि सांगू लागल्या. अनुजा मला मराठीत सांगत होती. त्यांनी प्रत्येक चार वाक्यांमागे "असं सांगतात" म्हटलं, तेव्हा मीही तसंच म्हणते.

फार पूर्वी, नदीवर अजून दगडी पूल नव्हता तेव्हा, या घरात पेर्नेल नावाची बाई राहत होती. तिचा नवरा नावाडी होता. तिची तीन मुलं जन्माला येऊन महिन्याच्या आत गेली. चौथ्या वेळी ती नदीकाठच्या मेरीमातेच्या देवळात गेली आणि नवस बोलली, "हे मूल जगलं तर सासूबाईंनी माझ्या हाती दिलेलं आंबवण मी या घरात कधी मोडू देणार नाही, मडकं उंबऱ्याबाहेर नेणार नाही, आणि कुणी चमचाभर मागायला आलं तर रिकाम्या हाताने पाठवणार नाही."

मुलगी झाली आणि जगली. तिचं नाव एमलीन.

पेर्नेलने नवस पाळला. नवरा पुरात गेला तेव्हाही ती दुखवट्यातून उठून मडक्यात पीठ घालून आली, असं सांगतात. कुणाचं आंबवण थंडीने मेलं, कुणाचं सून नवी म्हणून बिघडलं, की बाया वाटी घेऊन तिच्याकडे यायच्या. समोर राहणारी गोदीन नावाची म्हातारी तर दर हिवाळ्यात यायची.

"तुझं मरतं कसं गं दरवर्षी?" पेर्नेल विचारायची.

"मी बोलते फार," गोदीन म्हणायची. "कंटाळून जातं बिचारं."

एमलीन नऊ वर्षांची झाली आणि तिला खोकला लागला. उन्हाळा गेला तरी खोकला हटेना. मठातल्या औषध देणाऱ्या बाईने मुलीच्या पाठीला कान लावला आणि स्पष्ट सांगितलं, "नदीची ओल हिच्या छातीत बसली आहे. बर्फ पडायच्या आत हिला वरच्या डोंगरात, कोरड्या हवेत ने. इथे राहिली तर वसंत बघणार नाही."

पेर्नेलची बहीण वरच्या डोंगरात राहत होती. वाट आठ-दहा दिवसांची. एकदा गेलं की परत येणं होणार नाही, हे तिला कळत होतं. इथे थांबावं तर ओल मुलीला नेणार. निघावं तर घर बंद, मडक्यात पीठ घालायला कुणी नाही, आणि ज्या नवसावर मुलगी उभी होती तोच मोडणार. मडकं सोबत न्यावं तर तेही बोललेल्या शब्दाबाहेरचं. ती देवळात जाऊन बसली आणि काहीच न मागता उठून आली, असं सांगतात.

मग तिने मडकं उचलून खिडकीत ठेवलं, तोंडावर धुतलेला फडका बांधला आणि गावात सांगून टाकलं की घर विकायचं आहे; पण जो घेईल त्याने हे मडकं याच घरात जिवंत ठेवायचं.

गिऱ्हाइकं आली. एक कातडी कमावणारा आला. त्याला घरात कातडी रचायची होती. "मडकं ठेवेन की," तो म्हणाला, "पण वासाने तेच पळून जाईल." दुसरा आला, त्याला भट्टी फोडून तिथे घोडा बांधायचा होता. पेर्नेलने दोघांनाही पाणी पाजून वाटेला लावलं. दिवस कमी होत होते. एमलीन आता ओट्यापर्यंत येतानाही दमत होती.

शेवटी मार्तियाल नावाचा पाथरवट आला. नदीवर पूल बांधायचा घाट घातला होता, त्या कामासाठी तो बायकोला, सिबिलला, घेऊन डोंगरापलीकडून आला होता. त्यांच्या मुलखात गहू पिकत नव्हता. ते लोक चेस्टनट नावाचं रानफळ वाळवून, दळून, त्याची खीर करून खायचे. पाव भाजणं त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि गावातल्या बाया त्यावरून हसायच्या. पण मार्तियाल सरळ माणूस होता. पेर्नेलने अट सांगितली, त्याने छातीवर हात ठेवून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पहाटेच पेर्नेल मुलीला खेचरावर बसवून निघाली. जाताना ती उंबऱ्याशी वाकली, मडक्याकडे मात्र तिने वळून पाहिलं नाही.

मार्तियालला कामावर जायची घाई होती. जाताना तो बायकोला एवढंच म्हणाला, "खिडकीतल्या मडक्याची काळजी घे. त्या बाईचा जीव आहे त्यात."

सिबिलच्या माणसांत एक रीत होती. नव्या घरात पाऊल टाकलं की आधी सगळी भांडी राखेने घासायची, म्हणजे आधीच्या घरातलं दुखणं नव्या घराला लागत नाही. तिने चूल, भांडी, फळ्या सगळं घासलं. मग मोठ्या मानाने मडकं खाली घेतलं, फडका सोडला. आत आंबूस वासाचं, बुडबुडे आलेलं पीठ. तिच्या मनाला वाईट वाटलं. एवढं जिवाभावाचं मडकं, आणि बाईला आजारी मुलीपायी साफ करायलाही सवड झाली नसेल. तिने ते नदीत ओतलं, मडकं तीन वेळा राखेने घासलं, उन्हात वाळवलं, आणि लखलखीत करून, फडका धुऊन बांधून, पुन्हा खिडकीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदीन वाटी घेऊन आली.

"पोरी, चमचाभर दे," म्हणत तिने स्वतःच फडका वर केला. मग ती तिथेच उंबऱ्यावर बसली. हातातली वाटी तिने उपडी करून बाजूला ठेवली.

"काय केलंस गं," ती म्हणाली, आणि तिने सिबिलला सगळं सांगितलं. तीन मुलं, देऊळ, नवस, एमलीन.

सिबिल भिंतीला टेकून उभी होती. "म्हणजे ती मुलगी आता..."

मार्तियाल अजून कामाला निघाला नव्हता; तो म्हणाला, खेचरामागे धावतो, गाठून सांगतो. गोदीनने त्याला दटावलं. "काय सांगशील? अर्ध्या वाटेत त्या माउलीचं काळीज फोडशील, दुसरं काय?"

सिबिलने मडकं उचललं. उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही हे तिने नुकतंच ऐकलं होतं, म्हणून ते चुलीजवळ ठेवलं आणि स्वयंपाकघरातली एक लाकडी वाटी घेतली. "गावात कुणाकडे तरी असेल," ती म्हणाली. "मी मागेन."

"तुला? तुझ्या बोलण्याला हसतात त्या."

"हसू देत."

गोदीन तिच्याकडे बघत राहिली. मग म्हातारीच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला, असं सांगतात. "थांब," ती म्हणाली. "माझं अजून पुरतं मेलेलं नाही, तळाशी थोडं उरलंय. ते कुणाचं आहे? मागच्या हिवाळ्यात तिनेच दिलेलं. माझ्या शेजारच्या घरातलं कुणाचं? तिचंच. नऊ वर्षं तिने कुणाला रिकामं पाठवलं नाही. तू ओतलंस ते एका मडक्यातलं. बाकीचं गावात फिरायला गेलंय, एवढंच."

पहिला चमचा गोदीनने दिला. मग सिबिल दारोदार गेली. एका दारात तिला विचारलं, "आता चेस्टनटचा पाव करणार वाटतं?" ती म्हणाली, "चूक माझी झाली आहे. एक चमचा द्या." विचारणारीने मान खाली घातली आणि दोन चमचे दिले. नदीकाठच्या गल्लीत एकतीस दारं होती. एकही दार बंद राहिलं नाही. तिने प्रत्येक घरचं आंबवण आणून मडक्यात घातलं, पीठ-पाणी दिलं आणि फडका बांधला. दुसऱ्या दिवशी दुपारी फडका फुगून वर आला. गोदीनने तिला कणीक मळायला शिकवलं, भट्टी पेटवली, आणि नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवशी, सूर्य कलताना, त्या घरातून पुन्हा पावाचा वास सुटला. एकतीस घरी एकतीस पाव गेले.

त्याच दिवशी, सूर्य कलताना, वरच्या डोंगरातल्या खिंडीत एमलीन खेचरावर आडवी पडली होती. दोन दिवस तिने तोंडात काही घेतलं नव्हतं. ती एकाएकी उठून बसली आणि म्हणाली, "आई, आपल्या पावाचा वास येतोय." आजूबाजूला खडक आणि वारा. पेर्नेलने पिशवीतला शिळा तुकडा तिच्या हातात दिला, आणि पोरीने तो सगळा खाल्ला, म्हणे.

एमलीन जगली. डोंगरात मोठी झाली. आई सुखाने गेल्यावर ती एकदा वालब्रूनला आली. सिबिल तेव्हा केस पिकलेली बाई होती. इतकी वर्षं मनात ठेवलेलं तिने रडत सांगितलं. एमलीनने तिला तो पहिला पाव भाजल्याचा दिवस विचारला. सिबिलने सेंट मार्टिनच्या आदल्या संध्याकाळचं सांगितलं, तेव्हा एमलीनने खिंडीतलं सांगितलं. मग दोघी ओट्यावर बसून राहिल्या.

"नवस मोडला होता का मग?" मी ओर्तांसबाईंना विचारलं. मला राहवलंच नाही.

त्या हसल्या. "आमच्याकडे यावर दोन पाद्री भांडले आहेत," त्या म्हणाल्या. "माझी आई म्हणायची, तीन गोष्टी बोलली होती पेर्नेल. पहिल्या दोन गोष्टी कुणाच्याही हातून सुटू शकतात. तिसरीने सावरून घेतलं."

तेव्हापासून गावाने सिबिलची चूकच रीत करून टाकली. घर विकलं गेलं की विकणारी बाई आपलं आंबवण गल्लीतल्या प्रत्येक घरी चमचा चमचा वाटते, मडकं स्वतःच्या हाताने घासते आणि खिडकीत रिकामं ठेवते, फडक्याशिवाय. नव्या माणसाने वाटी घेऊन दारोदार जायचं आणि ते भरायचं. घेणारा कुठल्याही देशाचा असो, कुठली का भाषा बोलेना. कागदपत्रांत हे कुठे लिहिलेलं नसतं. एकतीस दारं वाजवून झाली की तो परका राहत नाही, असं त्या म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं, की लग्न होऊन वाईला आले तेव्हा पहिलं विरजण शेजारच्या काकूंनी दिलं होतं, आणि अजून माझ्या घरचं दही त्याच विरजणावरचं आहे. अनुजाने ते फ्रेंचमध्ये सांगितलं. ओर्तांसबाईंनी माझा हात हातात घेतला आणि त्या दिवशीचं मूठभर पीठ मला घालायला दिलं. मी मनात मेरीमातेला नमस्कार केला आणि ढवळलं. सगळ्यांच्या पोरीबाळी सुखी राहोत, दुसरं काय मागणार.

आजही वालब्रूनमध्ये विकाऊ घराच्या खिडकीत फडका बांधलेलं मडकं दिसतं. मी परत आल्यावर दोन महिन्यांनी अनुजाने फोनवर एक फोटो पाठवला. तीच खिडकी. मडकं घासून लखलखीत, रिकामं, फडक्याशिवाय, आणि त्याच्या शेजारी अनुजाने वाईहून नेलेली आमच्या घरातली स्टीलची वाटी.