सजणाबाई मेल्याची दवंडी

हेमनगरच्या वीरदेव राजाकडे चाळीस दवंडीवाले होते. राज्यात सुकाळ आहे, असं ते रोज पुकारत. सजणाबाई नावाची शाहीर मात्र स्वतः गावोगाव हिंडे आणि डोळ्यांनी पाहिलेलं बाजारात गाऊन सांगे. डोंगराकडची माणसं कंदमुळं खाऊन जगतायत, असं तिनं गायलं, तेव्हा राजानं तिला दरबारात धरून आणवलं.

"माझी चाळीस माणसं खोटी आणि तू एकटी खरी?" राजा गरजला. "तुझी जीभच छाटायला हवी!"

"छाटा, महाराज. पण आधी एक दवंडी पिटवा. सजणाबाईला आज सकाळी फासावर चढवलं, एवढंच सांगू द्या."

राजाला गंमत वाटली. बाहेर असलेल्या दवंडीवाल्यांना हुकूम सुटला आणि सजणाबाई पडद्याआड जाऊन बसली.

संध्याकाळी दवंडीवाले परतले. राजानं त्यांच्या म्होरक्याला विचारलं, "लोक काय म्हणाले?"

"आनंदले, महाराज! साखर वाटली. फाशीच्या वेळी आम्ही सगळे तिथंच होतो. मी खोटं गायले, असं म्हणून बाई रडली."

"डोळ्यांनी पाहिलं, महाराज!" बाकीचे एका सुरात म्हणाले.

पडदा सारून सजणाबाई पुढं आली.

"महाराज, मी मेले असं सांगणारे चाळीस आहेत. जिवंत आहे म्हणणारी मी एकटीच. आता कुणाचं खरं धरायचं?"

राजा सिंहासनावरून उतरून तिच्यासमोर आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, डोंगराकडची वाट दाखवा. मला स्वतः बघायचंय."