बोरूचा वाघ

फार पूर्वी एक बोरू वाघाची गोष्ट लिहीत होता. टोक मोडेल म्हणून तो कागदाला जेमतेम टेकायचा आणि लिहायचा, 'बहुधा वाघ आला असावा.' शाई वाळवायला टाकलेली वाळू घरंगळून परत डबीत यायची. मुंग्या त्या ओळीवरून खुशाल चालायच्या.

"बोरूदादा, मला चिकटायला शाई तरी उमटू दे," वाळू वैतागून म्हणाली. "तुझ्या वाघावर तुझाच विश्वास नाही, तर वाचणाऱ्याचा कसा बसेल?"

बोरूला ते झोंबलं. दौतीत खोल बुडी मारून त्याने जोर लावून लिहिलं, 'वाघ आला.' टोक मोडलंच.

"चटकन तासून दे," तो चाकूला म्हणाला, "वाघाला अजून नदी ओलांडायचीय."

इकडे वाळू अक्षरांना घट्ट चिकटली होती, आणि मुंग्यांची रांग वाघाला वळसा घालून चालली होती.