मुदत संपल्याची घंटा

फार फार पूर्वी सातासमुद्रांपलीकडे एक देश होता. दोन्ही अंगांना समुद्र, मध्ये मक्याची शेतं, वरच्या बाजूला बर्फाचे डोंगर. त्या देशात सगळं होतं, फक्त राजा नव्हता. म्हणजे एके काळी होता, पण तो असा मातला की लोकांनी त्याला हात जोडले आणि होडीत बसवून आला तिकडे परत पाठवलं. मग सगळ्यांनी मिळून एका शिळेवर नेम कोरला: 'इथे कुणी कायमचा नाही. दर चार वर्षांनी लोक आपला प्रमुख निवडतील. त्याच्या हाती शिंग राहील, तो फुंकील तेव्हा सैन्य धावून येईल. चार वर्षं भरली की थंडीतल्या ठरल्या दिवशी, भर मध्यान्ही, चौकातली घंटा वाजेल. घंटा वाजली की शिंग दुसऱ्याच्या हाती.'

ही घंटा एका बाईच्या राखणीत होती. सुताराची बायको, साधी, देवभोळी. आपल्याकडे बाया सोळा सोमवार धरतात ना, तसा तिनं या घंटेचा वसा घेतला होता. तो असा: ज्या दिवशी त्या दिवशी, ज्या घटकेला त्या घटकेला. कुणी रागावलं म्हणून आधी नाही, कुणी गोड बोललं म्हणून नंतर नाही. पाच वेळा तिनं घंटा वाजवली होती. पाच प्रमुख आले नि पाच गेले.

त्या वर्षीचा प्रमुख मात्र खरा कर्तबगार. राजा नसल्यामुळे तिथे कुणाला महाराज म्हणायची चाल नव्हती, प्रमुखाला सगळे नुसतं 'भाऊ' म्हणत. या भाऊनं नदीवर पूल बांधला, सुतार आळीला विहीर दिली. घंटावालीला तो मनापासून आवडायचा. म्हणून निवडीच्या दिवशी तिनं आपला दाणा त्याच्याच मडक्यात टाकला. तिथे मत म्हणजे मक्याचा दाणा, माणशी एक.

पण देशभरची मडकी उपडी केली, दाणे मोजले, आणि भाऊ पसाभर दाण्यांनी हरला.

हरला, तर हरलो म्हणावं की नाही? तो म्हणाला, "मडकी फुटकी होती." पंचांनी मडकी पाण्यानं भरून ठेवली. थेंब गळला नाही. मग म्हणाला, "दाणे पोचट होते." पंचांनी सुपात घेऊन चारचौघांत पाखडले. एक उडाला नाही. तेव्हा कुठे भाऊ गप्प झाला. पण गप्प बसला म्हणजे माणूस मानला, असं थोडंच असतं!

त्यातच बातमी आली, डोंगरापलीकडच्या राजानं खिंडीच्या तोंडाशी तंबू ठोकलेत. गावोगाव लोकांचा जीव टांगणीला लागला. घंटावालीला तर घास गिळवेना, कारण तिचा एकुलता एक लेक त्याच खिंडीत शिपाई होता.

ठरल्या दिवसाच्या आदल्या दुपारी ती चौकातल्या घंटेच्या मनोऱ्यावर बसून राखेनं घंटा घाशीत होती. जिन्यावर पावलं वाजली. बघते तर खुद्द भाऊ, धापा टाकत वर आलेला.

"किती या पायऱ्या, ताई!"

"चार वर्षांनी एकदा चढायच्या, म्हणून जड जातात. बसा. पाणी देऊ?"

भाऊ बसला. घंटेकडे बघत म्हणाला, "ताई, उद्या ही वाजवू नका."

"का हो?"

"शत्रू दाराशी आलाय. उकळी आलेल्या दुधापाशी बसलेल्या बाईला कुणी उठवतं का?"

"दुसरी बाई शेजारी उभी असेल तर उठवतात की," ती म्हणाली. "दूध तिलाही राखता येतं."

"अहो, तो नवा अगदी कच्चा! शिंग कुठल्या टोकानं फुंकायचं तेही त्याला ठाऊक नाही."

"पहिल्या दिवशी तुम्ही उलटंच धरलं होतंत, भाऊ. मी इथून बघितलं ना."

भाऊला हसू आलं. पण लगेच त्यानं आवाज खाली घेतला. "तुमचा लेक खिंडीत आहे. उद्याच्या उद्या त्याला घरी आणवतो. घोडा पाठवतो. तुम्ही काही करू नका, नुसत्या आजारी पडा. थंडी ही अशी, कुणालाही ताप भरेल."

घंटावालीचा हात थांबला. लेकाचे थंडीनं फुटलेले ओठ तिच्या डोळ्यांपुढे आले. दाराशी घोडा थांबलाय, तो उतरतोय, 'आई, भूक लागली' म्हणतोय, हेही आलं. आई ती, दुसरं काय येणार?

पण ती म्हणाली, "खिंडीत साडेतीनशे पोरं आहेत. माझा एकटा आलात घेऊन, तर बाकीच्यांच्या आयांना मी तोंड कसं दाखवू?"

"तुला कळत नाहीये!" भाऊ उठलाच. ताई गेली आणि 'तू' आलं. "तुमची सगळी आळी माझी आहे. तू माझ्याच मडक्यात दाणा टाकलास, टाकलास की नाही?"

"टाकला."

"मग?"

"मग काय भाऊ. हरलो आपण."

भाऊचा चेहरा लाल झाला. जिन्याच्या तोंडाशी तो वळला. "घंटा वाजली आणि खिंड पडली, तर लेकाचं पाप तुझ्या माथी. लक्षात ठेव."

दिवेलागणीला ती घरी आली, तोवर बातमी आळीभर झाली होती. शेजारीण दारातच उभी. "अगं, एक दिवस उशिरा वाजली तर कुठे आभाळ कोसळतंय? जिवंत लेक मोठा की मेली घंटा मोठी?"

"उपासाच्या दिवशी एकच वडा खाल्ला, तर अर्धा उपास राहतो का गं?" घंटावाली म्हणाली. "आज एक दिवस म्हणतोय. शिंग हातात राहिलं की एक दिवसाचं एक वर्ष व्हायला किती वेळ लागतो?"

शेजारीण पुटपुटत गेली. नवरा रंधा मारत होता, तो थांबला. हळूच म्हणाला, "आणि आपला पोरगा?"

तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "त्याला मीच ओवाळून पाठवलं, राखण कर म्हणून. तो तिकडे खिंड राखतोय, मी इकडे घंटा. मार बसेल या भीतीनं तो आपली जागा सोडून आला असता, तर तुम्ही त्याला घरात घेतलं असतं का?"

नवऱ्यानं नाही म्हणून मान हलवली. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्या रात्री चुलीवर काही चढलं नाही. आदल्या रात्रीपासून घंटा वाजेपर्यंत अन्न घ्यायचं नाही हा तिचा नेम, आणि एकट्याला जेवायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडून गेलेलं, ऊन मात्र लख्ख. चौक माणसांनी भरून गेला. ओट्यावर भाऊ शिंग छातीशी धरून उभा. पलीकडे नवा प्रमुख, थंडीनं काकडत, हात बगलेत घालून. चौकातल्या खांबाची सावली सरकत सरकत मध्यान्हीच्या रेघेशी यायला चार बोटं उरली, आणि घंटावाली मनोरा चढून वर गेली.

वर जाऊन बघते तर घंटेतला लोलकच नाही! टोला देणारा तो पितळी गोळा कुणीतरी कडीतून काढून नेला होता. घंटा नुसती पालथ्या घंगाळासारखी लोंबत होती.

खालून भाऊनं हाक दिली. "काय झालं ताई? वाजत नाही का?" मग लोकांकडे वळून म्हणाला, "शिळेवर काय लिहिलंय, वाचा! घंटा वाजली की शिंग दुसऱ्याच्या हाती. नाही वाजली, तर जिथे आहे तिथेच. मी का कुठे नेम मोडतोय?"

लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. कुणी म्हणालं, बरोबर आहे. कुणी म्हणालं, ही तर चोरी आहे. पण पुढे कुणी येईना.

घंटावाली जिना उतरली आणि घराकडे पळत सुटली. नवरा मागोमाग धावला. "आता गं काय करायचं?"

"उखळात डोकं घातलंय," ती म्हणाली, "आता मुसळाला भ्यायचं नाही."

"डोकं असू दे," नवरा म्हणाला, "मुसळ घे!"

मग तिनं कोपऱ्यातलं मका कांडायचं, टोकाला लोखंडी कडं बसवलेलं मुसळ उचललं, खांद्यावर टाकलं, आणि भर चौकातून चालत निघाली. बाया वाट सोडू लागल्या. कालची शेजारीणही बाजूला झाली.

जिन्याशी म्हातारा जमादार भाला आडवा धरून उभा. "ताई, वर जायचं नाही. हुकूम आहे."

"कुणाचा?"

"भाऊचा. घंटा होईस्तोवर हुकूम त्यांचाच."

"तो तुम्हाला. घंटेवर त्यांचा हुकूम कधी होता? ती शिळेनं सांगितलीय, त्यांनी नाही." तिनं मुसळ खाली टेकवलं. "जमादार, तुम्ही मीठ कुणाचं खाता हो? भाऊचं, की या सगळ्यांचं?"

जमादारानं गर्दीकडे बघितलं. गर्दीत त्याची सून होती, शेतावरून आलेला पुतण्या होता. मग त्यानं खांबाकडे बघितलं. सावली रेघेला टेकत होती.

"जमादार!" ओट्यावरून भाऊ ओरडला. "अडव तिला!"

जमादारानं भाला उभा केला आणि एक पाऊल बाजूला झाला. "पायऱ्या निसरड्या आहेत, ताई," तो म्हणाला. "सांभाळून चढा."

ती चढली. वर जाऊन आधी घंटेला हात जोडले. "माझ्या लेकाला सांभाळ गं बाई," एवढंच म्हणाली. आणि मग दोन्ही हातांनी मुसळ उचलून असा टोला दिला, की मनोऱ्यावरचं बर्फ खाली आलं.

नेहमीचा तो गोड नाद नव्हता. खणखणीत, राकट, थाळा आपटावा तसा आवाज. एक झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. शेजारच्या गावानं ऐकला, तिथल्या घंटेवर टोल पडला. त्या गावाचा पुढच्या गावानं ऐकला. असा तो आवाज शेतं ओलांडत, पूल ओलांडत डोंगराकडे निघाला.

चौकात भाऊ शिंग घट्ट धरून उभा होता. त्यानं शिपायांकडे बघितलं. शिपाई नव्या प्रमुखाकडे तोंड करून उभे राहिले होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. जमादार पुढे आला, हात पसरून म्हणाला, "भाऊ, शिंग."

भाऊनं ते दिलं. कुणीतरी त्याच्या अंगावर घोंगडं टाकलं. घरी त्याची बायको गरम पेज करून वाट बघत होती. चार वर्षांत पहिल्यांदा नवरा दुपारी जेवायला घरी येत होता.

घंटावालीनंही त्या दिवशी उपास सोडला, पण घास गोड लागेना. लेकाचा निरोप यायचा होता.

पंधराव्या दिवशी निरोप नाही, लेकच आला. चार दिवसांची रजा मिळाली होती. आल्या आल्या आईच्या पायाशी बसला.

"आई, त्या दिवशी आमच्याकडे दोन हुकूम आले होते. एक नव्या प्रमुखाचा, मुदत सुरू झाली की माझं ऐका. एक भाऊचा, मी सांगेपर्यंत कुणाचंही ऐकू नका. छावणीत सरळ दोन तट पडले. माझ्या शेजारी झोपणाऱ्यानं माझ्यावर तलवार उपसली, आई. मीही उपसली. आणि समोरच्या टेकडीवर पलीकडचा राजा घोड्यावर बसून नुसता बघत होता. त्याला लढायचंच नव्हतं. आम्ही एकमेकांना कापलं की तो सावकाश उतरणार होता."

"मग रे?"

"मग घंटा ऐकू आली. सगळे थबकले. कुणी म्हणालं, आज घंटा अशी काय वाजते? दुसरा म्हणाला, कशीही वाजू दे, वाजली! तलवारी म्यानात गेल्या. दोन्ही तट एक होऊन खिंडीच्या तोंडाशी उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर समोर एकही तंबू नाही."

आईनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली.

ही हकीकत नव्या प्रमुखाच्या कानी गेली. तो रेशमी शाल आणि चांदीची लहानशी घंटा घेऊन मनोरा चढून आला. वाकून म्हणाला, "ताई, तुमच्यामुळे मला शिंग मिळालं. तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. मागा, काय हवं ते."

घंटावाली नव्या लोलकाला तेल लावत होती. तिनं शालीकडे बघितलंही नाही.

"भाऊ, गैरसमज नको. मी दाणा तुमच्या मडक्यात टाकला नव्हता. घंटाही तुमच्यासाठी वाजवली नाही. चार वर्षांनी हीच घंटा तुमच्यासाठी वाजणार आहे, आणि तुम्ही लोलक नेलात तरी वाजणार आहे. तेवढं ध्यानात ठेवून राज्य करा, म्हणजे मला सगळं मिळालं."

नवा प्रमुख क्षणभर गोरामोरा झाला. मग त्यानं शाल घडी करून काखेत घातली, घंटेला हात जोडले, आणि भराभरा खाली उतरून कामाला लागला. हाती दिवस मोजकेच होते.

तात्पर्य: ज्याला आपण निवडलं त्याच्यावर माया जरूर करावी, पण शब्द पाळावा तो देशाला दिलेला. शत्रूची भीती घालून कुणी नेम मोडायला सांगितलं, तर नेम त्याच दिवशी सगळ्यांत जपून पाळावा. घरातलं ऐक्य त्यानंच टिकतं, आणि वेसही.