जिवबाने पाहिलेलं पाणी

खडपवेळच्या होड्यांवरची शिडं उतरून त्यांच्या पोटात नुकती यंत्रं बसू लागली होती, त्या काळात या गावात जिवबा मेस्त्री राहायचा. होडीचं यंत्र समुद्राचंच पाणी पिऊन थंड राहतं, आणि ते पाणी ओढतो पंपातला तळहाताएवढा रबरी पंखा. शहरातले लोक त्याला इम्पेलर म्हणत. एवढ्याशा रबरावर अख्ख्या होडीचा जीव असतो, हे गावात एकट्या जिवबाला पटलं होतं. बाकीचे त्याला हसायचे आणि पंखा बदलायची वेळ आली की त्याच्याच दारात यायचे.

असं म्हणतात, जिवबा बाजारात शिरला की दुकानदार शिळा माल फळीखाली सारायचे. चकाकीला तो भुलत नसे. पंख्याची एकेक पात मुळापर्यंत वाकवायचा. मुळाशी पांढरी रेघ उठली की पंखा परत. मधल्या पितळेपासून रबर सुटतंय का, ते नखाने बघायचा. "चांगलो रबर वाकता नि परत उठता, वायट रबर वाकलो काय थयच रवता," असं ऐकवायचा. मग निवडलेला पंखा डिझेलमध्ये बुडवून ठेवायचा आणि फुगला तर दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन टाकायचा. पुढे पुढे तर तो नुसता वास घेऊन रबराचं वय सांगायचा, असंही म्हणतात. म्हणणारे जरा वाढवून म्हणत असतील, पण जिवबाने निवडलेला पंखा भर समुद्रात तुटल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

मात्र कितीही चांगला पंखा असला, तरी पाण्याशिवाय फिरवला की हां हां म्हणता जळतो. आणि खडपवेळच्या लोकांनी नेमकी हीच खोड लावून घेतली होती. नारळी पुनवेला होडी वाळूवर उभी असतानाच यंत्र सुरू करायचं, आणि त्या धडधडाटात नारळ फोडायचा. "दर्याक कळाक व्हया, आमची होडी येता ती," असं जुने लोक अभिमानाने सांगायचे. कुणाचं यंत्र जास्त गरजतं, याची चढाओढ लागायची. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण त्या वर्षी मोल द्यावं लागलं.

त्या वर्षी जिवबाचा मुलगा रावजी पहिल्यांदा तांडेल झाला, म्हणजे होडी आणि तिच्यावरचे खलाशी त्याच्या हाती आले. बापाने त्याच्यासाठी दोन पंखे निवडले, एक बसवला आणि एक स्वतःजवळ ठेवला. पुनवेला ढोल वाजू लागले, आणि कुणीतरी वाळूवरच रावजीच्या होडीचं यंत्र सुरू केलं. जिवबा ओरडत धावला, "बंद कर रे, आत पाणी नाय." त्या आवाजात त्याचं ओरडणं कुणाच्या कानावर गेलं नाही. तो पोचेपर्यंत जळक्या रबराचा वास सुटला होता.

"पंप उघड. पंखो जळलो," तो म्हणाला.

"बाबा, पूजा झाली. आता मशीन खोलूक नको, अपशकून होतलो," रावजी म्हणाला, आणि त्याने होडी पाण्यात लोटली.

जिवबा वाद घालत बसला नाही. दुसरा पंखा कमरेला बांधून तो छोट्या डोणीतून एकटा वल्हवत मागे निघाला. तेवढ्यात वारा उलटला. असं म्हणतात, लाटा माडाएवढ्या होत्या, आणि ती डोण त्यांच्यावरून पानासारखी गेली. रावजीची होडी खडकांकडे वाहत होती. यंत्र तापून बंद पडलं होतं, शिडं घरी माळ्यावर होती, आणि होडीवरची खलाशी पोरं देवाचं नाव घेत बसली होती.

जिवबा होडीवर चढला. पंप निखाऱ्यासारखा तापला होता. त्याने तो नुसत्या हातांनी उघडला, आणि तळव्यांची कातडी पितळेला चिकटून राहिली, असं म्हणतात. त्याने नवा पंखा बसवला. यंत्र धडधडलं. पण नुसत्या आवाजावर त्याचा विश्वास कधीच नव्हता. पंपाने ओढलेलं पाणी यंत्रातून फिरून होडीच्या कुशीतल्या नळीतून बाहेर पडतंय का, हे पाहायला तो काठावरून खाली वाकला आणि नळीखाली हात धरला.

"पाणी इलां," तो म्हणाला, आणि लाट त्याला घेऊन गेली.

होडी सगळ्या पोरांना घेऊन परत आली. रावजी किनाऱ्याकिनाऱ्याने बापाचं प्रेत शोधत हिंडला, पण समुद्राने ते दिलं नाही. तो पंखा मात्र होडी मोडीत निघेपर्यंत झिजला नाही, असं म्हणतात. रावजी म्हातारा झाला तरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायचा, "मी हात लांब केलो असतो, तर धरलो असतो."

आजही खडपवेळात वाळूवर कुणी यंत्र सुरू करत नाही. पुनवेला ढोल बंद ठेवतात, होडी कमरेएवढ्या पाण्यात नेतात, आणि तांडेल सगळ्यांसमोर पंख्याची एकेक पात वाकवून बघतो. यंत्र सुरू झालं की घरातला वडीलधारा काठावरून वाकून नळीखाली हात धरतो. तो "पाणी इलां" म्हणेपर्यंत नारळ फुटत नाही. आणि तो वाकलेला असतो तेवढा वेळ त्याचा मुलगा मागून त्याची कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा असतो.