सुकाणू नसलेलं तारू

महापुरानं सगळी धरती झाकली होती, तेव्हाची ही गोष्ट. देवाच्या सांगण्यावरून नोहानं बांधलेलं तीनमजली तारू सगळ्या जातींच्या प्राण्यांना घेऊन पाण्यावर डोलत होतं. तळमजल्यावरच्या घोड्यानं सगळे कानेकोपरे धुंडाळले आणि तो ओरडला, "अरे, या तारवाला सुकाणू नाही, शीड नाही, वल्हीसुद्धा नाहीत! नोहा विसरला!"

एकच गोंधळ उडाला. "डोंगराकडे वळवू," म्हणत अस्वल भिंतीला रेटू लागलं. "नाही, कुरणाकडे!" म्हणत घोडा उलट्या बाजूला धावला. त्याच्यामागून बैल आणि गवे धावले, तसं तारू एका अंगाला कललं. वरच्या मजल्यावर पक्षी किंचाळले.

चारा घेऊन आलेली नोहाची बायको खांबाला धरून कशीबशी उभी राहिली.

"बाई, सुकाणू का नाही बसवलं?" घोड्यानं रागानं विचारलं.

"कुठे नेणार होतास?"

"माझ्या कुरणात."

"तुझं कुरण आत्ता आपल्या खाली आहे, बाळा. अस्वलाचा डोंगरही."

घोड्यानं पायांखालच्या फळ्यांकडे पाहिलं.

"मग आपण जायचं कुठे?"

"कुठेच नाही. पाणी ओसरेपर्यंत तरंगायचं."

घोडा सावकाश आपल्या जागी परतला. पुढची लाट आली तेव्हा त्यानं चारी पाय घट्ट रोवले आणि तोल गेलेल्या अस्वलाला आपल्या अंगाचा टेकू दिला.